शहानिशेसाठी फिरवलेला फोटो

एखाद्या बाईचा खासगी फोटो तुमच्या मोबाईलवर आला आणि "ही आपल्या गावची का?" असं कुणी विचारलं, तर तो निरखून पाहिल्याशिवाय तुम्ही राहाल? खरं सांगा. एक अख्खं गाव राहिलं नव्हतं. पोलीस खात्यातून निवृत्त झालो, तरी ती घटना आठवली की माझं डोकं तापतं.

मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरचा माणूस आमच्या पोलीस ठाण्यात आला. "साहेब, आमच्याकडच्या बाईचा घाण फोटो फिरतोय. ह्यो पुरावा," म्हणत त्याने मोबाईल ठाणे अंमलदारापुढे धरला.

"तुला कुठून आला?"

"गावच्या ग्रुपवर."

"तू कुणाला पाठवलास?"

"चार-पाच जणांना. माहिती म्हणून."

आम्ही पोहोचलो तेव्हा गाव बसलं होतं. इथे बांधाचा वाद असो वा नवराबायकोचा, आधी बैठक होते. एरवी त्यात शहाणपणही असतं. पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निवाडा नाही, हा पंचांचा नियम. म्हणून ज्यांच्याकडे मोबाईलच नव्हता, त्या म्हाताऱ्यांनाही फोटो हातोहात दाखवला गेला. कशासाठी? तर शहानिशा! आणि जिचा फोटो, ती बाई समोर मान खाली घालून बसलेली. काडीमोड करून तिला माहेरी धाडायचं, इथवर बोलणं आलं होतं.

महिला अंमलदाराने तिला घरात नेऊन जबाब घेतला. फोटो तिने भिवंडीला बांधकामावर असलेल्या नवऱ्यासाठी काढला होता. आणि तो नवरा गावी येऊन त्याच बैठकीत बसलेला! त्याला बाजूला घेतलं.

"फोटो तूच मागितलास ना?"

"हो साहेब."

"मग इतका वेळ गप्प का?"

"मला कोणी इचारलंच नाय."

अशा माणसाला काय म्हणावं!

गाडी पाहताच निम्म्या गावाने घाबरून फोटो पुसले होते. त्याबरोबर पाठवणाऱ्यांचा मागही पुसला गेला. फक्त त्या बाईने, ग्रुपवर फोटो पहिल्यांदा कोणत्या नंबरवरून आला, त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवला होता. त्या नंबरवाल्याला उचललं. त्याने मित्राचं नाव सांगितलं. मित्राचं बाजारात मोबाईल दुरुस्तीचं दुकान. फुटलेली काच बदलायला बाईने मोबाईल तिथेच दिला होता आणि मागितला म्हणून लॉकही सांगितला होता.

दुकानदार म्हणाला, "मी एकालाच पाठवला, साहेब. गंमत म्हणून. पुढं गेला तो त्याचा दोष."

दोघांवर गुन्हा दाखल केला. मोबाईल पंचनाम्यात जप्त झाले. ग्रुपवरून पुढे पाठवणाऱ्यांनाही बोलावलं, तेव्हा एक पंच चिडले, "आमी तर न्याय करीत होतो!"

नवऱ्याला मी बैठकीत उभं केलं. "फोटो मीच मागितला होता," एवढंच तो बोलला आणि काडीमोडीची भाषा थांबली. बाई आपल्या घरात राहिली. काही महिन्यांनी ती ठाण्यात आली. "साहेब, खोडाळ्याच्या बाजारात कोणीतरी परत हसला." गुन्हेगार कोठडीत घालता येतो, शंभर मोबाईलमध्ये गेलेला फोटो नाही.

या नोकरीत मी एक शिकलो. असा फोटो चोरणारा एखादाच असतो, पण पसरवायला लागतात ती सगळी भली माणसं.

म्हणून हात जोडून सांगतो. असा फोटो आला तर कुणालाही दाखवू नका, पोलिसांनाही पाठवू नका. कुठल्या नंबरवरून, कधी, कोणत्या ग्रुपवर आला, एवढं टिपून घ्या. मग त्या बाईच्या घरी जा, 'तुझी चूक नाही' असं तिला सांगा आणि तिच्यासोबत ठाण्यात या. तिला एकटीला पाठवू नका.