हळदीच्या ढिगावर ठेवलेला माईक

सकाळी कळमनुरीची एसटी वाजली की अजून माझा हात दुसऱ्या डब्याकडं जातो. डबा न्यायला आता कुणी न्हाई, पण हाताला कोण समजावणार?

लेकीची लेक माझी, पुण्यात वाढलेली. सुट्टीत यायची, डास चावले की रडायची. तिचा एक दिवस फोन आला, "आजी, कॉलेजातून दोन महिने रेडिओवर काम शिकायचंय. मी कळमनुरीचं केंद्र मागून घेतलं. डोंगरकड्याला तुझ्यापाशीच राहीन." मला खरंच वाटेना.

केंद्रावरचे साहेब भला माणूस. पहिल्याच आठवड्यात तिला म्हणाले, इथं एक जागा रिकामी आहे, काम जमलं तर बघू. तिनं हे जेवता जेवता सहज सांगितलं. माझा घास हातातच राहिला. त्या दिवसापासून मला एकच ध्यास, पोरगी इथंच राहिली पाहिजे.

तिला काम मिळालं ते आमच्या हळदीच्या बायांना बोलतं करायचं. मीच सगळ्यांना निरोप दिला. तर बाया आल्या लग्नाला निघाल्यासारख्या! इस्त्रीच्या साड्या, डोक्यावर पदर, माझ्या जावेनं तर गजरा माळलेला.

मी म्हटलं, "अगं, रेडिओत कोण बघून राहिलं तुला?"

"आवाज तर चारचौघांत जाऊन राहिला ना!" जाऊ म्हणाली.

माईक पुढं आला तशी ती ताठ झाली. "सप्रेम जयभीम. आम्ही हळद या पिकाची लागवड करीत असतो." जन्मात कधी अशी बोलली न्हाई बाई! साहेबांनी ऐकलं आणि सांगितलं, पुन्हा करून आणा.

लेकरू हिरमुसलं. मी म्हटलं, उद्या शेतात चल. तिथं खणलेल्या हळदीचा ढीग पडला होता आणि बाया गड्ड्यांना लागलेली हळकुंडं मोडत बसल्या होत्या. नातीलाही मोडायला बसवलं, माईक ढिगावर ठेवायला लावला. बायांना सांगितलं, हे चालू आहे बरं का. घटकाभर सगळ्या माईककडं बघतच मोडत राहिल्या. पण हाताला काम असलं की आमच्या बायांचं तोंड किती वेळ बंद राहणार?

जावेनंच तोंड उघडलं, "पुण्याच्या पोरी, दमानं. सासू म्हणंल, आमी न लावताच हळद लागली हिला."

"आधी सासू तर शोधा, आजी!" नात तिला म्हणाली.

झालं! मग नवरे निघाले, भाव निघाला, दुखऱ्या कंबरा निघाल्या. तो कार्यक्रम लागला तेव्हा गाव ऐकत बसलं. साहेब खूश. मी तिच्यासाठी पुढची खोली रिकामी करायला घेतली.

तिनं मात्र तोच कार्यक्रम कॉलेजात पाठवला. तिथून तो पुण्याच्या कुण्या मोठ्या रेडिओवाल्यांनी ऐकला आणि तिला नोकरीला बोलावलं. घ्या! ती राहावी म्हणून जे केलं, त्यानंच तिला नेलं.

"आजी, न्हाई म्हणू का त्यांना?" ती आमच्यासारखंच बोलायला लागली होती.

"काहून? जा की," मी म्हटलं. कसं म्हटलं ते माझं मला माहीत.

पुण्याची गाडी नांदेडहून होती. नांदेडच्या एसटीत तिची पिशवी ठेवायला म्हणून चढले आणि तिच्या शेजारी बसूनच राहिले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, तुमी बी येऊन राहिल्या का? फाडू तिकीट?" मागचे हसले. ती हसली न्हाई, माझा हात धरून बसली.

मी हात सोडवला आणि उतरले. खाली उभं राहून तिला म्हटलं, "खिडकीतून हात बाहेर काढू नको."