चूप घराचा संशय

आमच्या मामांचा या जगात कोणावरच विश्वास नाही. उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेलेली. त्यामुळे खिडकीकडे तोंड करून झोपलेला प्रत्येक माणूस विनातिकीटच असणार, ही त्यांची खात्री. निवृत्त होऊन ते देऊळगाव राजाला आमच्या घरी राहायला आले आणि प्रवासी संपले म्हणून तो सगळा संशय मोबाइलकडे वळला. फोन कुठे पडलेला दिसला की ताप बघावा तसा त्याच्या पाठीला हात लावणार. "गरम हाय. आत्ताच कोनीतरी लेकराच्या हातातून काढून ठेवला," म्हणत एकेकाच्या डोळ्यांत बघणार. रडणं, भांडणं, भांडी आपटणं हे त्यांच्या लेखी लेकरांच्या तब्येतीचं लक्षण. लेकरं असलेलं घर चूप असलं की त्यांना चैन पडत नाही. गल्लीतल्या अशाच एका चूप घरात ते वाटीभर साखर मागायच्या निमित्ताने शिरले, पांघरुणाखाली निळा उजेड दिसला आणि कडाडले, "कोन हाय आत? चला, उतरा खाली!" पांघरुणातून तीन पोरं निघाली, आणि पाठोपाठ त्यांचे आजोबा. त्या घरातून आम्हाला पुन्हा साखर मिळाली नाही.

पण खरी झडती झाली ती आमच्याच घराची. माझ्या धाकट्या भावाची चिमी अडीच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. समोर फोनवर गाणी लावली की निमूट जेवायची. किती शहाणं लेकरू, असं पाहुणे म्हणायचे. मामांना ते शहाणपणच खटकलं.

"रेखा, पोरगी येवढी चूप काऊन हाय?" त्यांनी भावाच्या बायकोला विचारलं.

"काई लेकरं उशिरा बोलतात, मामाजी. इचे पप्पा बी उशिराच बोलले."

"त्याच्यासंग घरभर मानसं बोलत व्हती. इच्यासंग कोन बोलते?"

रेखाला ते फार लागलं. तिने मामांशी बोलणं टाकलं, पण त्याच आठवड्यात चिमीला डॉक्टरकडे नेलं. ऐकू व्यवस्थित येत होतं. जेवताना फोन बंद करा, तिच्याशी भरपूर बोला, आणि पुन्हा दाखवायला आणा, असं डॉक्टर म्हणाले. आपलंच म्हणणं डॉक्टर बोलला म्हटल्यावर मामांना डॉक्टरचाही संशय आला.

फोन बंद झाल्यावर चिमीने ताटं भिरकावली, घर डोक्यावर घेतलं. रेखा रडकुंडीला आली. मग मामाच चिमीला घेऊन ओट्यावर बसू लागले. एकेक घास भरवत, "चिखली! चिखलीवाले उतरा! मेहकर!" असा पुकारा चालायचा. कितीतरी दुपारी चिमी नुसती बघत राहिली. एकदा मामा घास हातात धरून शेजारणीशी बोलण्यात गुंतले, तेव्हा तिने त्यांचा हात ओढला आणि म्हणाली, "उत्ला!"

मामांनी दचकून आजूबाजूला पाहिलं. "कोन बोललं?" त्यांचा त्यावरही विश्वास बसेना. रेखा पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली आणि चिमीला सोडून मामांच्याच पाया पडली.

पुढे भावाची कोल्हापूरला बदली झाली. चिमी आता अखंड बोलते. रविवारी व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा मामा जवळ येऊन बसतात, पण भिंतीकडे तोंड करून; फक्त आवाज ऐकतात.

"एकदा तरी दिसा न तिले, मामा," मी परवा म्हणालो.

"नाई," ते हळूच म्हणाले. "मागच्या खेपेले मी जेवत व्हतो. मले पाहून पोरीनं घासासाठी तोंड उघडलं."

फोनमधून चिमी बोलतच होती.