अण्णांचा मार्च

जर्मनीला निघाले त्या दिवशी नाशिकच्या बसस्टँडवर आईने लाडू दिले आणि अण्णांनी त्यांच्या बँडच्या मार्चचे कागद. बॅग आधीच जड झालेली. खरं सांगते, लाडू ठेवून कागद परत द्यायचा विचार होता. अण्णा म्हणाले, "राहू दे. इथं वाळवी खाईल."

माझे वडील, अण्णा, दिंडोरीत लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. देवळालीच्या एका निवृत्त फौजी बँडमास्तरांनी त्यांना नोटेशन, म्हणजे ओळींवर काळे ठिपके मांडून स्वर लिहायची पद्धत, शिकवलं. त्या जोरावर तरुणपणी त्यांनी स्वतःचा मार्च, कवायतीच्या तालातली धून, लिहिला; क्लॅरिनेट, ट्रंबोन, कॉर्नेट, प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद. तो कधीच वाजला नाही. बँडमध्ये दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हतं आणि वरातीला सिनेमाचीच गाणी लागायची. त्या कागदांना सगळे ‘अण्णाच्या मुंग्या’ म्हणायचे. मीही हसायचे, त्याची आज लाज वाटते.

इथे आल्यावर घरच्या आठवणीने जीव नकोसा झाला, तेव्हा नोटेशनचं सॉफ्टवेअर घेतलं आणि त्या मुंग्या एकेक करून कॉम्प्युटरवर चढवल्या. तीन आठवडे लागले. प्ले दाबलं, तर मांजरांची भांडणं! मला रडूच कोसळलं. वाटलं, हसणारेच बरोबर होते.

भीत भीत अण्णांना फोनवर ऐकवलं. ते खो-खो हसले. "अगं बाई, क्लॅरनेटचा सा येगळा, ट्रंबूनचा सा येगळा. तू समद्यांना एकाच सा वर बसवलंस. येवढी शिकली न् हे नाय कळलं?"

मी सॉफ्टवेअरला प्रत्येक कागदाचं वाद्य सांगितलं आणि पुन्हा प्ले दाबलं. काय वाजला म्हणून सांगू! मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवत होते. फोनवर अण्णांनी तो आणखी एकदा वाजवायला लावला. मग म्हणाले, "तिसऱ्या ओळीत कॉर्नेटला कोमल गंधार पायजे. लिहिताना नाय कळलं. कधी ऐकलंच नव्हतं ना."

तो स्वर बदलून मार्च पाठवला. अण्णांनी ओट्यावर स्पीकर लावून गल्लीला ऐकवला. बँडमधले जुने सोबती धावत आले. एकाने विचारलं, "कोन्या पिक्चरचं हाय रे, अण्णा?"

"पिक्चरचं नाय. माझं हाय."

लांब गेलेल्या माझ्यासारख्यांनो, इथे कुणी गाव विचारलं की मी ‘मुंबईजवळ’ म्हणून सुटायचे. आता दिंडोरी सांगते. तिथे माझे वडील मार्च लिहितात, हेही सांगते. दुसरा लिहायला घेतलाय त्यांनी.