मामंजींची आंब्याची फळी

माझे अक्षर वेडेवाकडे आहे आणि ऱ्हस्वदीर्घ तर चौथीतही जमले नव्हते. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हे आधी पेन्सिलीने दुरुस्त केले असते. ते आता नाहीत, म्हणून हे असेच राहील.

मामंजी नागपुरात कचेरीत कारकून होते. सासूबाईंच्या आजारपणात त्यांना एक सवय लागली होती. दिसेल त्या फळीला पाठ लावून ते डोळे मिटून उभे राहत. इतवारीच्या बाजारात लाकडाच्या दुकानातसुद्धा.

सासूबाईंना दमा होता. आडवे झाले की श्वास कोंडे, म्हणून रात्र बसून काढायच्या. लोखंडी पलंगाचे गज पाठीत रुतत. मामंजींनी ठरवले, उशाशी टेकायला कापूस भरून, कापडाने मढवलेली पाठ घरीच करायची. फक्त फळी ठरायची होती.

ती ठरेना. सागवान आणले. "फार टणक. खिळे वाकतात." परत. चहाच्या खोक्याची फळी इतकी पातळ की खिळ्यांची टोके कापसात आली. "हे तिच्या पाठीत जाईन." संत्र्यांच्या पेटीची ठोकताना चिरली. सुतार म्हणाला, "बाबूजी, फळी पाहून राहिले का पोरीले नवरा?" मामंजी हसले नाहीत.

प्रत्येक फळी ते आपल्या पाठीने तपासत. त्यांची पाठ रुंद, भरलेली. सासूबाईंच्या पाठीला हाडांशिवाय काही उरले नव्हते. मला हे दिसे, पण आमच्यात सून सासऱ्यांशी बोलत नसे. मी गजांवर गोधडीची घडी घाली, ती घसरे, मी पुन्हा घाली.

शेवटी सुताराकडून दारात आंब्याची फळी आली. हलकी, मऊ.

"हीच घ्या," सासूबाई म्हणाल्या. "टेकायचं मले आहे, तुम्हाले नाही."

"आंब्याले कीड लागते. दोन वर्षांत भुगा होईन."

"दोन वर्षं?" म्हणून त्या हसू लागल्या. हसता हसता धाप लागली. मामंजी हातोडी धरून नुसते उभे. श्वास परत आल्यावर त्या म्हणाल्या, "काहून उभे आहा? ठोका."

त्यांच्याच जुन्या लुगड्याने ती फळी मढवली. काही दिवस त्या तिला टेकून खरोखर झोपल्या.

मग ती वेळ आली. आमच्यात खाटेवर जीव जाऊ देत नाहीत, भुईवर घेतात. भाऊबंदांनी घोंगडी अंथरून त्यांना आडवे केले आणि त्यांचा श्वास अडकला. मामंजींनी कोणाला न विचारता पलंगाची फळी उचकटली, भिंतीशी लावली. "निजवू नका तिले," एवढेच बोलले. सासूबाई तिला टेकूनच गेल्या.

फळी त्यांनी तिथून हलवू दिली नाही. पुढे तिच्याखाली खरेच पिवळा भुगा पडू लागला. एका सकाळी मी केरसुणी घेऊन गेले, तर मामंजी भुईवर बसून त्यात बोट फिरवत होते.

"म्हटलं होतं ना तुले," ते हळू म्हणाले. मला नव्हे.

मी केरसुणी मागे घेतली.