हारिन आठवी आली

जिच्या भाषेतला एक शब्दही तुम्हाला कळत नाही, अशा मुलीला तुम्ही कधी मत दिलं आहे का? मी दिलं आहे. आजऱ्यातल्या बेचाळीस बायकांनीही दिलं आहे आणि ते माझ्या सांगण्यावरून दिलं आहे. त्यामुळे त्याचा हिशेब मांडायची जबाबदारी माझीच. आजऱ्यात राहिलेल्यांनी हे वाचावं, आणि माझ्यासारखे गाव सोडून गेलेल्यांनीही.

तीन वर्षांपूर्वी मी आजरा सोडला. सकाळची गाडी होती. आईनं काजूच्या तुकड्याची पिशवी दिली. अख्खा काजू कारखान्याचा, तुकडा आमचा. अण्णांनी शिल्लक राहिलेल्या पत्रकांचा गठ्ठा दिला. माझे वडील दिवसा भात गिरणीत काम करायचे आणि उरलेल्या वेळात काजू कारखान्यातल्या बायकांची संघटना चालवायचे. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या पत्रकांवर. गुलाबी कागद, तीन घड्या. कमिटीची निवडणूक आली की मी आणि आई जमिनीवर बसून घड्या घालायचो, आणि प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एकच ओळ असायची : ‘कोरं मत म्हणजे मालकाचं मत.’ गाडी सुटताना अण्णा खिडकीपाशी आले आणि म्हणाले, “जाशील तिथं पावणी होऊन राहू नको. सभासद हो.”

कोल्हापुरात सभासद व्हायला वेळ लागला. कारकुनाच्या परीक्षेसाठी आले होते. पोट चालावं म्हणून फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करू लागले. पत्रकांवर वाढलेली मुलगी आता वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भावी नगरसेवकांचे गाल गोरे करत होती. याची लाज वाटायची. पगाराच्या दिवशी थोडी कमी वाटायची. परीक्षेची यादी लागली तेव्हा तिच्यात माझं नाव नव्हतं. घरून अण्णांचा फोन आला. “किती मार्कानं गेलं?” एवढंच विचारलं त्यांनी. त्यांच्या दृष्टीनं तो योग्य प्रश्न होता. पराभवाची आकडेवारी मांडल्याशिवाय पुढची लढाई ठरत नाही. पण त्यानंतर चार महिने मी आजऱ्याला गेले नाही.

कोल्हापूरला लागूनच्या कळंब्यात माझ्या खोलीत श्रद्धा राहते. निपाणीकडची, घरी कानडी बोलणारी. ती मला अक्का म्हणते. त्या चार महिन्यांत तिनं मला एक कोरियन कार्यक्रम दाखवला. गाण्याचं आणि नाचाचं प्रशिक्षण घेणाऱ्या कितीतरी मुली, दर आठवड्याला प्रेक्षकांची मतं आणि मतांप्रमाणे गळती. शेवटी सात जणी उरणार, त्यांचा ग्रुप होणार. बाकीच्यांनी घरी जायचं. माझं मत पहिल्या भागातच ठरलं : ही पिळवणूक आहे. पोरींना रडवायचं, रडणं जवळून दाखवायचं आणि नाव घ्यायच्या आधी जाहिरात लावायची. यावर एक पत्रक सहज झालं असतं. तसं मी श्रद्धाला म्हटलंही.

“पत्रक नंतर काढ की,” ती म्हणाली, “आधी हा नाच बघ.”

मग हारिन दिसली. सगळ्यांत मोठी, तेवीस वर्षांची, कुठल्याशा बेटावरची. कराराचं शेवटचं वर्ष. आता निवड झाली नाही तर गाणं संपलं. एका भागात घरच्यांचे निरोप दाखवले. तिची आई समुद्री शेवाळ निवडायचं काम करते. बोलताना ती बाई हात मांडीखाली दडवत होती. माझी आई फोटोत हात पदराखाली घेते, कारण काजूच्या टरफलाच्या तेलानं बोटं काळी पडलेली असतात. मी सबटायटल वाचायचं थांबवलं. हारिन सातात यायला हवी, एवढंच मला त्यानंतर हवं होतं. पिळवणुकीबद्दलचं मत कायम होतं, आजही आहे.

फायनलसाठी मी काम केलं. फोनवरून मत देता येत होतं. प्रत्येकाला तीन मतं, पण एका मुलीला एकच देता येणार. एक वापरा, दोन वापरा, तिन्ही वापरा. मी मराठीत पत्रक केलं आणि आईच्या फोनवर धाडलं. हारिनच्या आईबद्दल चार ओळी लिहिल्या. कारखान्यातल्या बायकांनी ते लेकीसुनांच्या फोनवर फिरवलं. नावं लक्षात राहीनात, म्हणून बायकांनी चिन्हं वाटली. हारिनला ‘बुचडा’, कारण ती केस वर बांधते. आणखी दोघींना ‘चष्मा’ आणि ‘बारकी’. पॅनेल तयार झालं. आईनं फोनवर विचारलं, “तिन्ही शिक्के मारायचे न्हवं?” मी म्हटलं, हो, पत्रकात तसंच लिहिलंय.

फायनल आपल्याकडच्या साडेचारला सुरू झाली. मी अर्धी सुट्टी टाकली होती. सात वाजत आले तेव्हा सहा नावं झाली होती. सातव्या जागेसाठी दोघींना पुढं बोलावलं : हारिन आणि ‘चष्मा’. जाहिरात लागली. तेवढ्यात मी श्रद्धाला हौसेनं सांगितलं की आजऱ्यानं तिन्ही मतं दिली, एकही कोरं सोडलं नाही.

श्रद्धा माझ्याकडं बघतच राहिली. “तिन्ही? आणि कुणाला दिली बाकीची दोन?”

“बारकीला. आणि चष्म्याला.”

“अक्का, येड लागलंय काय तुला? एकच द्यायचं असतंय! उरलेली दोन कोरी सोडायची. शेंबडं पोरगं पण सांगेल. आपल्याच हातानं त्या चष्म्याला वर चढवलंस तू!”

जाहिरात संपली. ‘चष्म्या’चं नाव पुकारलं. हारिन आठवी आली.

लाखो मतांत बेचाळीस म्हणजे काहीच नाही, हे मला कळतं. श्रद्धालाही कळत होतं, तरी ती पाठ फिरवून उशीत तोंड खुपसून रडली. मी रडले नाही. मी विचार करत होते की ‘कोरं मत म्हणजे मालकाचं मत’ ही ओळ मी या पत्रकाच्या तळाशीही का लिहिली. कोणी विचारलं नव्हतं. बोटांनी आपोआप टाइप केली होती, कारण माझ्या हाताला पत्रक माहीत आहे आणि पत्रकाच्या तळाशी ती ओळ असते. कारखान्यात ती खरी होती. तिथं कोरं सोडलेलं मत मालकाच्या माणसाला उपयोगी पडायचं. इथं तीच ओळ आमच्याच उमेदवाराच्या विरोधात गेली. घरून आणलेलं तत्त्व पारखून न घेता वापरलं, ही माझी चूक. ती अण्णांची नाही आणि बायकांची तर मुळीच नाही.

आईचा व्हिडिओ कॉल आला. मागं पाच-सहा बायका, सगळ्या खुशीत. “आपला चष्मा आला की गं निवडून!” एक ओरडली. “तीन उभ्या केल्या, एक तरी आली. गेल्या टायमाला दूध संस्थेत तर तेवढी बी न्हवती आली!” त्यांच्या लेखी आम्ही जिंकलो होतो. 

मग आईनं फोन जवळ घेतला. “अन् ती आपली बुचड्याची? ती घरी कशी जाणार आता? न्यायला कोण आलंय का तिला?”

मी पडद्याकडं पाहिलं. सात जणी हातात फुलं घेऊन उभ्या होत्या, वरून चकचकीत कागद पडत होते. हारिन कुठंच नव्हती. तिनं वाकून नमस्कार केला होता, तेवढंच शेवटचं. मग कॅमेरा तिच्याकडं वळलाच नाही.

“म्हाईत न्हाय, आई.”

“मग इचार की कुणाला तरी. बेट म्हणतीस, होडी बी मिळाय पायजे.”

तेव्हा मला रडू आलं. श्रद्धा उठून बसली. आम्ही दोघींनी फॅन लोकांची पानं शोधली, भाषांतर करून करून वाचली. कोणी मतांचे फरक मांडत होतं, कोणी गैरव्यवहाराचा आरोप करत होतं. ती घरी कशी गेली, हे कोणीही विचारलेलं नव्हतं. आजवर मला ते कळलेलं नाही.

आता कोल्हापुरात मला कोणी घर कुठलं विचारलं, तर उत्तर आधीसारखं पटकन येत नाही. आजऱ्याचं नाव सांगते, पण ते गावाचं नाव आहे. हरलेल्याला ‘न्यायला येऊ का’ म्हणून जिथून विचारलं जातं, ते घर. ते कळंब्याच्या खोलीतही होऊ शकतं. फायनलच्या दुसऱ्या दिवशी मला ताप भरला, तेव्हा श्रद्धा रागात होती तरी मला दुकानातून गाडीवर घेऊन आली.

म्हणून एक काम सांगते, आणि ते टाळू नका. तुमच्या ओळखीत कोणीतरी आत्ता यादीची वाट बघत असेल. भरतीची, परीक्षेची, कसलीही. एक नाव मनाशी धरा. यादी लागेल आणि त्यात ते नाव नसेल, त्या दिवशी फोन करा. मार्क विचारू नका. कुठं उभी आहेस ते विचारा, आणि गाडी काढा.