छपराचा दगड

स्टँडवरचे बाकीचे चालक त्याला 'इतिहास' म्हणत. "सरका रे, इतिहास येतोय," असं कुणी ओरडलं की तोही हॉर्न वाजवून मान डोलवायचा. किनाऱ्याच्या गावातून सकाळी पाहुणे गाडीत भरायचे, समुद्राकाठचा पडका कोट दाखवायचा, मग घाट चढून डोंगरावरच्या पुरातन दगडांपाशी त्यांना सोडायचं आणि उन्हं कलली की डोकी मोजून परत आणायचं, हे त्याचं काम. त्यात त्याचा जन्म गेला होता.

घाटात शेवटची वळणं आली की तो सांगायला लागे. "वर चार उभे दगड आहेत आणि त्यांच्यावर छपरासारखा एक आडवा. खोलीएवढा. माणसाला लोखंड ठाऊक नव्हतं तेव्हा चढवलेला. त्या छपराखाली बसा, समोरच्या फटीतून समुद्र दिसतो. कुणीतरी दार किलकिलं करून ठेवावं ना, तसा."

पाहुणे खूश व्हायचे. खरी गोष्ट अशी की तो कधी वर गेलाच नव्हता. गाड्या लावायची जागा अरुंद आणि उताराची, त्यात हातब्रेकचा भरवसा नाही. मागून दुसरी गाडी आली की आपली पुढे घ्यावी लागे. चालकाने गाडी सोडायची नाही, हा तिथला नियमच. पाहुणे खाली येऊन जे बोलत ते तो ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी सांगायचा. ते किलकिलं दारही एका म्हाताऱ्या पाहुणीचं होतं. पुढे पुढे सांगून सांगून त्याला ते सगळं पाहिल्यासारखंच वाटायला लागलं.

घरी त्याची बायको खिडकीशी शिलाई मशीन घेऊन बसे. लोकांच्या पँटी आखूड करणं, झग्यांना चेन लावणं, असली कामं. तोंडात टाचण्या धरून ती त्याची वर्णनं ऐकायची.

"अहो इतिहास, भूगोल संपला असेल तर दूध आणा," ती म्हणायची. पण दूध आलं की तीच विचारायची, "छपराखाली किती माणसं मावतात हो?"

"सात-आठ आरामात."

"मला कधी नेणार?"

"नेऊ की. दगड कुठे पळून जाणार आहेत?"

दगड खरंच पळाले नाहीत. पण हंगामात गाडी भरलेली असायची, हंगाम संपला की डोंगर धुक्यात जायचा, आणि मधल्या काळात गाडी दुरुस्तीला. असं करता करता तिच्या छातीतली झडप खराब झाली. दोन जिने चढली की ती कठडा धरून उभी राहू लागली. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली आणि म्हणाले, तोपर्यंत चढ टाळा.

घरी आल्यावर तिने मशीनवर कापड टाकलं आणि म्हणाली, "ते कापाकापी करायच्या आधी मला एकदा त्या छपराखाली बसायचंय. पुढचं पुढे."

"अगं, डॉक्टर काय म्हणाले?"

"चढ टाळा म्हणाले. तुम्ही माझे जिने वाचवा, मी तेवढे डोंगरावर खर्च करते."

हंगाम नुकताच संपला होता. त्याने गाडी धुतली, तिला पुढच्या सीटवर बसवलं. ती नवी ओढणी घेऊन ऐटीत बसली. "आज मी पाहुणी. सांगा बघू तुमची कॅसेट." त्याने सगळं सांगितलं, कोटापासून किलकिल्या दारापर्यंत. तिने टाळ्या वाजवल्या.

गाडीतळ मोकळा होता, एकच चहावाली तेवढी होती. चाकांना दगड लावून दोघं निघाले. तिथून वाट निघून थोड्याच अंतरावर पडक्या बांधाशी येते आणि तिथे दोन वाटा फुटतात. तो बांधाशी येऊन थबकला. डावीकडची वाट रुंद, मळलेली. उजवीकडची गवतातून गेलेली. मागे वळून चहावालीला एक हाक मारली असती तर काम झालं असतं. पण एवढ्या वर्षांत तिच्याच टपरीशी उभं राहून त्याने पाहुण्यांना वरची वर्णनं ऐकवली होती. आणि शेजारी बायको उभी होती.

तो डावीकडे वळला.

चढ चांगलाच उभा होता. ती थोडं चालायची, थांबायची, ओठांवरून जीभ फिरवायची.

"अजून किती?"

"हे काय, आलंच."

"तुमचं आलंच मला माहितीये. लग्नात वऱ्हाडही असंच आलंच आलंच करत दुपारी आलं होतं."

शेवटच्या टप्प्यावर त्याने तिला जवळजवळ उचललंच. वर पाहतो तर कमरेइतके दगड गोल रचलेले, निम्मे ढासळलेले, आत लेंड्याच लेंड्या. जुना मेंढवाडा. पलीकडे नुसतं धुकं.

ती एका दगडावर टेकली. धाप ओसरल्यावर तिने विचारलं, "छप्पर कुठाय?"

"पडलं."

"कधी?"

"मागच्या वादळात."

"आणि एवढा दगड गेला कुठे?"

"सरकारने नेला."

ती हसली. इतकी हसली की खोकला आला. "मग घरी बोलला नाहीत ते?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"बरं," ती म्हणाली. मग अंग चोरून म्हणाली, "माझी शाल गाडीत राहिली हो."

तो धावत खाली गेला. परत वर चढताना मनाशी घोकत होता, खरं सांगून टाकू, पाठीवर घेऊ आणि दुसऱ्या वाटेने नेऊ. पण वर आला तेव्हा ती इतकी शांत बसली होती की त्याने नुसती शाल तिच्या खांद्यांवर घातली. चेहराही वेगळाच दिसत होता, ताप उतरलेल्या माणसासारखा. तिने समोरचा दगड थोपटला.

"इथे बसा. तिकडे पाठ करून. वारा लागतो नाहीतर."

वारा त्या बाजूचा नव्हताच. तो बसला. ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिली.

"काय बघतेस?"

"धुकं," ती म्हणाली. बऱ्याच वेळाने तिने त्याचा हात धरला. "चला. पाहिलं मी. सगळं पाहिलं."

शस्त्रक्रियेनंतर ती घरी आली नाही.

मशीनवर अर्धी शिवलेली पँट तशीच राहिली. ज्याची होती तो न्यायला आला आणि तशीच घेऊन गेला. हंगाम आला, गाडी भरू लागली. तो घाटात काही बोलेनासा झाला. "इतिहास मुका झाला रे," स्टँडवर कुणीतरी म्हणालं.

वर्ष झालं तेव्हा तिची धाकटी बहीण दूरच्या शहरातून आली. म्हणाली, "दाजी, ताईने वर जे पाहिलं ते मला दाखवा."

त्या दिवशी त्याने पाहुणे घेतले नाहीत. बांधाशी आल्यावर तो त्या दिवसासारखाच डावीकडे वळला.

मेहुणी जागची हलली नाही. "दाजी, उजवीकडे नाही का?"

तो दोन पावलं मागे आला.

"ताईने दवाखान्यातून फोन केला होता," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही शाल आणायला गेलात तेव्हा धुकं फाटलं. समोरच्या पठारावर सगळं उभं होतं म्हणाली. छपरासकट. खाली दोन गुराखी भाकरी खात बसले होते."

"मग मला बोलली का नाही ती?"

"म्हणाली, बोलले असते तर त्यांनी मला पाठीवर घेऊन तिथवर नेलं असतं, आणि तोंड एवढंसं झालं असतं त्यांचं. इतकी वर्षं गाडीपाशीच उभे राहिले गं ते, वाट कुठून माहीत असणार? म्हणून त्यांना पाठमोरं बसवलं."

तो बांधावर बसला. हाताला लागलेलं गवत उपटत राहिला.

"चला ना," मेहुणी म्हणाली. "आता आलोच आहोत तर दोघं जाऊ."

"तू जा. मी गाडीपाशी थांबतो."

ती उजवीकडे गेली. तो खाली टपरीशी आला. चहावालीने न विचारता पेला पुढे केला. तो निम्मा प्यायला असेल-नसेल, तोच मेहुणी वाटेवर दिसली. धाप नाही, घाम नाही.

"दाजी, सपाट आहे हो वाट," ती बोलून गेली. "ताई सहज..."

त्याने पेला ठेवला. मागून एक गाडी येऊन उभी राहिली होती. चालकाने हॉर्न दिला, "इतिहास, पुढे घे की!" त्याने गाडी पुढे घेतली. त्या गाडीतून उतरलेली एक बाई त्याच्या खिडकीशी आली.

"काका, वर बघण्यासारखं आहे का हो?"

"मी कधी गेलो नाही," तो म्हणाला. मागचा चालक थट्टा समजून मोठ्याने हसला.

"बायकोने पाहिलंय," तो त्या बाईला म्हणाला. "उजवीकडे वळा."