हाताची पाठ

साल २०२३. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होतो आणि अमेरिकेत, चँडलरला मुलाकडे राहत होतो. चौथीपर्यंत शिकलेलो, इंग्रजी येत नाही, आणि आता शिकायची इच्छाही नाही.

इथलं ऊन माणूस भाजून काढतं. उन्हाळ्यात चालायचं तर उजाडायच्या आधी. नातीचं एक काळं टोपीवालं जाकीट तिला लहान व्हायला लागलं होतं, ते मी घालायचो. पहाटे एसीतून बाहेर पडलं की ती टोपी कानाला बरी असते. माझं चालणं भिंतीच्या कडेनं आणि पायाचा आवाज न करता. ते मुद्दाम नाही. बाप तसा चालायचा, आजा तसा चालायचा. आमच्याकडे गावची राखण होती. रात्री घरोघरची कडी बघायची, उघडी असली तर लावायची, आणि मालकाला जागही येऊ द्यायची नाही. बापानं एक शिकवलेलं, की दुसऱ्याच्या दाराला तळहात लावायचा नाही, हाताची पाठ लावायची. तळहात घेणाऱ्याचा, असं तो म्हणायचा.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका गोऱ्या बाईचं घर आहे. घराच्या बाजूला फाटक, आत पोहायचा तलाव, आणि घरात नुकतं चालायला लागलेलं पोर. ते फाटक नीट बसायचं नाही. पहाटे जाताना बघावं तर उघडं. मी हाताच्या पाठीनं ढकलायचो, खिटी पडली की पुढे जायचो. कोणाला सांगायची गोष्ट आहे, असं वाटलंच नाही.

एके दिवशी परत येताना पोलिसाची गाडी मागून आली आणि तोंडावर उजेड मारला. पोलीस तरुण होता. एक हात कमरेच्या पिस्तुलाशी, दुसऱ्या हातानं मला हात वर करायला सांगत होता. कळत होतं मला. पण हात वर व्हायला वेळ लागला. लहानपणी बापाबरोबर चावडीवर जायचो, तिथं तो पाटलापुढे हात जोडून ‘हजर’ म्हणायचा. आमच्या सगळ्या जातीलाच इंग्रजांनी चोर म्हणून लिहून ठेवलेलं, म्हणून रोजची हजेरी. इंग्रज गेल्यावरही ती काही वर्षं चालली. तेव्हाच मी ठरवलेलं, की आपण असं कोणापुढे उभं राहायचं नाही.

शेवटी हात वर केले. मुलगा झोपेतल्या कपड्यांत पळत आला आणि सॉरी सॉरी म्हणत राहिला. पोलीस नंतर नीट बोलला. त्यानं फोनवर बाईच्या कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं. काळं डोकं, तोंड दिसत नाही, फाटकापाशी एक सावली.

संध्याकाळी मुलानं रस्त्याचं काम करणारे घालतात तसलं चकाकतं पिवळं जाकीट आणून टेबलावर ठेवलं.

“आबा, उद्यापासून हे घालायचं. आणि मी उठल्याशिवाय बाहेर जायचं नाही.”

“फाटक उघडं होतं.”

“असू दे ना उघडं. तुम्हाला काय गरज होती टच करायची? इथे लोक गोळी घालतात, आबा.”

घाबरला होता पोरगा, ते मला दिसत होतं. पण ते जाकीट मी हातात घेतलं नाही.

नात तिच्या फोनवर वस्तीच्या ग्रुपवरचं वाचत होती. ते चित्र बाईनं तिथेही टाकलं होतं. लोकांनी खाली निंजा, निंजा असं लिहून हसण्याची चित्रं लावली होती. एकानं लिहिलं होतं, बघा, बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून हाताची पाठ वापरतो, मुरलेला चोर आहे.

निंजा म्हणजे काय, मी विचारलं. तिला लहानपणापासून त्यांचं वेड. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, असं करत तिनं सांगितलं. जपानातले डोंगरातले लोक. शेती करायचे, आणि सरदारांसाठी शत्रूची खबर काढायचे. काम झालं की त्यांनाच कमी लेखायचे, कारण ते समोरून लढत नाहीत. पुढे एका बड्या सरदारानं त्यांची गावं जाळली. काळे कपडे वगैरे त्यांचे नव्हतेच. शेतकरी, फेरीवाला, साधू, असेच ते दिसायचे. नाटकात सामान हलवणारी माणसं काळ्या कपड्यांत असायची, लोकांनी ते उचललं आणि निंजाला चढवलं, असं म्हणतात.

“खरा निंजा कसा दिसायचा माहितीये, आजोबा? लाइक यू. साधा.”

मी तिला आमचं सांगितलं. किल्ल्याच्या पायथ्याशी आमची वस्ती होती, राजाला खबर आम्ही द्यायचो, रान आम्हाला पाठ होतं. राज्य बदललं तशी तीच माणसं चोर झाली. चावडीचंही सांगितलं. मुलगा ऐकत होता. हे त्यानं इथे कोणाला कधी सांगितलेलं नाही, बायकोच्या माहेरीसुद्धा नाही.

“तिला कशाला हे?” एवढंच तो म्हणाला, आणि उठून आत गेला.

नातीनं हळूच विचारलं, “ते बेबी त्या पूलमध्ये पडलं तर?”



दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो. पांढरा सदरा घातला, पांढरं धोतर नेसलो, डोक्याला गावाकडची पांढरी टोपी. पिवळं जाकीट टेबलावरच राहू दिलं. भिंतीची कड सोडून रस्त्याच्या मधून चाललो, पाय आपटत. बाईचं फाटक उघडंच होतं. मी कॅमेऱ्यापुढे उभा राहिलो, डोक्यावरची टोपी काढली, तोंड दाखवलं. मग फाटक हाताच्या पाठीनंच लावलं, सावकाश, नीट दिसेल असं. खिटी पडली. आणि समोरच्या फूटपाथवर, कॅमेऱ्याकडे तोंड करून, मांडी घालून बसलो. घरात दिवा लागला.